जिल्ह्याच्या आरोग्याचा धनी कोण?

जुनी_जीप (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात अकोल्याकडे एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी आले ते एका जिल्ह्याचे नवे जिल्हा आरोग्य अधिकारी. कधीकाळी माझ्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. वरणावर तूप पडेपर्यंत त्यांचा फोन चार वेळा वाजला. चौथ्यांदा फोन उलटा ठेवून म्हणाले, "सर, जाब सगळ्या गोष्टींचा मला विचारतात. आणि माझ्या सहीने होतं काय, तर शिपायाची रजा मंजूर."

मी बारा वर्षं तालुका आरोग्य अधिकारी होतो, वऱ्हाडातल्या तीन तालुक्यांत. तेव्हाही असंच होतं, पण आता गुंता वाढलाय. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं म्हणून सांगतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) आणि त्याच्या वर सीईओ, मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनचं, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकाचं. तो जिल्हा परिषदेला बांधील नाही, उपसंचालकांना उत्तर देतो. मेडिकल कॉलेज तर खातंच वेगळं, मंत्रीही वेगळा. एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, जिल्हा परिषदेची, तिच्या बाजूच्या खुर्चीतला समुदाय आरोग्य अधिकारी राष्ट्रीय आरोग्य अभियानातला कंत्राटी. आशाताई कर्मचारीच नाही, ती मोबदल्यावर. १०८ गाडी ठेकेदाराची, आणि ती कुठे पाठवायची हे ठरतं पुण्याच्या कॉल सेंटरात. अडलेली बाळंतीण या सगळ्यांच्या हातून एकाच रात्रीत जाते.

आपल्याकडे आरोग्याचा विषय निघाला की डॉक्टर नाहीत आणि पैसा नाही, इथेच गाडी थांबते. दोन्ही खरं आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, २०२० पर्यंत राज्यांनी आपल्या बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही गेला नाही. पण उद्या डॉक्टर आले, पैसाही आला, तर तो कुठे लावायचा हे ठरवणार कोण? ठरवणारा मुंबईत बसतो, त्याला आपला तालुका नकाशावर शोधावा लागतो. जिल्ह्यातल्या माणसाला कळायला लागतं तोवर त्याची बदली होते.

आपापले अनुभव लिहा. मंत्र्यांना शिव्या द्यायच्या असतील तर दुसरे धागे भरपूर आहेत.

उपकेंद्र_तीन

सर, लाल रंगाबद्दल लिहिलं नाही तुम्ही. दर आठवड्याच्या व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) एक एक्सेल पडद्यावर येतं, खालचे तालुके लाल. त्या लाल पट्टीवरच आमचं आरोग्य चालतं.

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, उपकेंद्राचं आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालंय. माझ्या मोबाईलमध्ये माता-बालकांचं एक, बीपी-शुगरचं एक, क्षयरोगाचं निक्षय, लसीकरणाचं यू-विन, शिवाय आभा नंबर (आरोग्याचा ओळख क्रमांक) आणि आयुष्मान कार्ड. बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात, भरायला सात. रेंज पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून मी आणि आशाताई संध्याकाळी टाकीखाली बसून डेटा चढवतो. लोक विचारतात, ताई टाकी तपासता का.

मागच्या वर्षी कार्ड काढायची मोहीम होती. पंधरा दिवस दुसरं काही बोलायचंच नाही. त्याच पंधरवड्यात पाड्यावरच्या एका गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ६.२ आलं होतं, फारच कमी. तिच्याकडे परत जायचं होतं, नाही जाता आलं. आशाताईने स्वतःच्या पैशाने ऑटो करून तिला नेलं, रक्त चढलं, सुखरूप आहे. मी कुठेही लाल झाले नाही, कारण 'परत भेट दिली का' असा रकानाच त्या एक्सेलमध्ये नव्हता.

बांधावरचा

भाऊ, तुमच्या खात्यायचं भांडन आमच्या कामाचं नाइ. माह्यी गोष्ट आयका.

दोन सालाआधी जुलै महिन्यात आमच्या गावचा एक सालदार वावरातल्या कोठ्यात खालीच झोपला होता. पाहाटे चारले पोट दुखते म्हनून उठला. आम्ही मोटरसायकलवर मधात बसवून सरकारी दवाखान्यात नेला. डाक्टरनं गॅसचं इंजेक्शन देल्लं अन् झोपवलं. सहा वाजता त्याच्या डोयाच्या पापन्या उघडेनात. तवा कोनाच्या तरी ध्यानात आलं का मन्यार चावली. मंग म्हने जिल्ह्याले न्या. गाडी याले तासभर, जायले दोन तास. बारा दिवस मशीनवर होता. वाचला म्हना, पन माल्कानं अन् सासऱ्यानं मिळून पैसा उभा केला, तो आजून फेडून राह्यला.

मंग मले कयलं का विषाची लस त्याच दवाखान्याच्या फ्रिजात होती. होती! मी रुग्ण कल्याण समितीत हावो, तरी मले मालूम नाइ. आता सांगा, याच्यात मुंबईवाल्याचा काय दोष?

एक_वर्षाचा_पाहुणा

वरची पोस्ट वाचून अस्वस्थ झालो. तो डॉक्टर मी नाही, पण होऊ शकलो असतो.

मूळ पुण्याचा, एमबीबीएस नंतरचं सक्तीचं वर्ष इथे करतोय. नाही केलं तर दहा लाख भरायचे. माझ्या बॅचमधल्या काहींनी भरले. केंद्रात दोन जागा मंजूर आहेत, एक रिकामी. म्हणजे चोवीस तास मीच.

मण्यारीचा दंश सापडतच नाही कधीकधी. सूज नाही, दुखणं नाही, झोपेत चावते आणि पहाटे पोटात दुखतं. पुस्तकात वाचलेलं होतं, पण पहाटे चार वाजता पोटदुखीचा पेशंट आला की साप डोक्यात येईलच असं नाही. आणि लस फ्रिजमध्ये असून का देत नाहीत, तर भीती. ती घोड्याच्या रक्तातून बनते, काहींना जोरात रिॲक्शन येते, बीपी कोसळतं. त्यावरचं इंजेक्शन, ॲड्रेनॅलिन, जवळ असतं, पण सोबत एक नर्स आणि बाहेर चाळीस नातेवाईक. रेफर केलं आणि वाटेत गेला तर कागदावर मी सुटतो. लस दिली आणि टेबलावर गेला तर मी अडकतो. बाहेरून सोपं वाटतं, पण प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्या महिन्यात हे गणित मनातल्या मनात करतो. कोणी बोलून दाखवत नाही.

जुनी_जीप

@बांधावरचा, यात मुंबईचा दोष नाही, माझ्यासारख्यांचा आहे. @पाहुणा, तुझं प्रामाणिक उत्तर आवडलं.

ही भीती औषधाने जात नाही. मी शेवटच्या तालुक्यात एक केलं होतं. मेडिकल कॉलेजमधल्या एका मेडिसिनच्या सरांना हात जोडून एक दिवस आणलं, पावसाळ्याच्या तोंडावर. पाच केंद्रांचे डॉक्टर आणि नर्सेस बसवल्या. शिकवलं फार नाही: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त, वीस मिनिटं हलवायची नाही, मग तिरपी करायची. गोठलं नाही तर घोणस-फुरशाचं विष चढलंय. पापण्या पडताहेत, गिळता येत नाही, तर नाग-मण्यार. लक्षणं दिसली की आधी आठ ते दहा बाटल्या सलाइनमधून, मग रेफर. आणि सरांनी आपला नंबर सगळ्यांना दिला, 'रात्री दोनला फोन करा' म्हणाले. लोक करायचेही.

वरून काही परिपत्रक नव्हतं, खर्च जेवणाचा. आता २०२४ पासून सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडाही आलाय, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे. चांगलं आहे. पण तो रात्री दोनचा फोन आराखड्यात बसत नाही. सरांची बदली झाली, माझी झाली, आमचा व्हॉट्सॲप ग्रुप 'सुप्रभात'वर गेला.

हिशेबी

माफ करा, पण हे सगळं रडगाणं आहे. दर वेळी सरकारी यंत्रणा सुधारायची कशाला? महात्मा फुले योजनेत आता प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे. कार्ड द्या, माणूस नागपूरला जाईल, चांगल्या दवाखान्यात उपचार घेईल. प्राथमिक केंद्रं चालवायला संस्थांना द्या. आणि जुनी_जीप, तुम्ही बारा वर्षं खुर्चीत होतात. एक दिवसाचं शिबिर सोडून काय केलंत?

पर्लकोटा

हिशेबी, तुमचं कार्ड घेऊन एकदा जुलैत भामरागडला या. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि अख्ख्या तालुक्याचा रस्ता बंद होतो. इथून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात, नागपूर त्याच्याही पुढे दीडशेच्या वर. योजना ऑपरेशनचे, खाटेचे पैसे देते. हिवतापाच्या तापाला त्या रात्रीच गोळी लागते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोराला रोजची गोळी लागते. ती गोळी पोचवायला कार्ड येत नाही, माणूस यावा लागतो.

आता थोडं उलटही बोलतो. इथेच, गडचिरोलीत, 'सर्च' या संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दाखवून दिलं की शिकलेली गावातलीच बाई नवजात बाळाला घरी वाचवू शकते. ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो काही वर्षांत २५ च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. देशभर आशांमार्फत तीच पद्धत राबवायचं ठरलं ते २०११ साली. बारा वर्षं! आणि आज आशाताई घरभेटी करते तेव्हा तिच्या पिशवीतला वजनकाटा चालू आहे की बंद, हे कोण बघतं? त्या ३९ गावांत काम झालं कारण तिथे तीच माणसं वर्षानुवर्षं राहिली. आमच्या तालुक्यात आलेला अधिकारी पहिल्या दिवशी विचारतो, इथून बदली किती दिवसांत मिळते.

माहेरघराचंही तेच. दिवस भरत आलेल्या बाईने आठवडाभर आधी केंद्राशेजारी येऊन राहायचं, सोबत एक माणूस, जेवण सरकारी. पावसाळ्यात नदीपलीकडच्या गावांसाठी याच्याइतकी शहाणी योजना दुसरी नाही. पण घरची दोन लेकरं आणि कोंबड्या कोणाकडे ठेवायच्या? ज्या केंद्रात नर्सबाईने लेकरांनाही सोबत येऊ दिलं, जेवणात दोन भाकरी वाढवल्या, तिथे खोल्या भरल्या. हिशेबात ते बसत नाही म्हणून तिला विचारणा झाली, हेही सांगून ठेवतो.

खारपाण

औषधाच्या बाजूने लिहितो, मी औषध निर्माण अधिकारी. सरकारी दवाखान्यांची औषध खरेदी २०१७ साली हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, मग २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. एकत्र खरेदी वाईट नाही, भाव खाली येतो, जिल्ह्याजिल्ह्यातली टक्केवारी थांबते. मी त्याच्या बाजूचा आहे, सहकारी चिडतात तरी.

गोम दुसरीकडे आहे. आमची मागणी ठरते मागच्या वर्षीच्या खपावर. समजा बीपीची गोळी चार महिने आलीच नाही. कागदावर काय दिसतं? खप आठ महिन्यांचाच. पुढच्या वर्षी मंजुरी तेवढीच. म्हणजे जे औषध जास्त वेळ संपलेलं असतं, त्याची गरज सगळ्यात कमी. त्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत झालं. चांगलंच झालं, आमची ओपीडी वाढली. पण मागणीपत्र जुन्या ओपीडीवर गेलं होतं, तर नवीन गर्दीला गोळ्या कुठून द्यायच्या? बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी दिली की तक्रार माझ्यावर.

एका वर्षी मी मागणीपत्रासोबत वेगळा कागद जोडला, अमुक औषध इतके दिवस शून्य होतं म्हणून. वरून फोन आला, 'हा रकाना फॉरमॅटमध्ये नाही, काढून टाका.' नाही काढला. पुढच्या वर्षी थोडी वाढ मिळाली. त्या कागदामुळेच मिळाली का, देव जाणे.

फाईल_बंद

खात्यांच्या वाटणीवरून एक ताजी गोष्ट. २०२४ साली विदर्भात अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा, गडचिरोली अशी पाच सरकारी मेडिकल कॉलेजं एकदम निघाली, प्रत्येकी १०० जागा. पेढे वाटले, मीही खाल्ले. कॉलेजला रुग्णालय लागतं, ते नवं बांधायला वर्षं लागतात, म्हणून जिल्हा रुग्णालय जोडून द्यायचं. मी अशाच एका ठिकाणी कारकून आहे, कुठे ते विचारू नका.

तर आता इमारत एक, साहेब दोन. कॉलेजचे प्रमुख, डीन, म्हणतात खाटा आमच्या, सिव्हिल सर्जन म्हणतात नर्सेस आमच्या. ऑक्सिजनचं बिल कोणत्या लेखाशीर्षात, अपंगत्वाचं प्रमाणपत्र कोण देणार, शवविच्छेदनाला कोणाचा डॉक्टर. सफाईचा ठेका संपला, तीन आठवडे नवा निघाला नाही, कारण टिपणी कोणी ठेवायची हेच ठरेना. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

कॉलेज हवंच. पाच वर्षांनी इथलीच पोरं डॉक्टर होतील. पण जिल्हा रुग्णालय शिकवण्याच्या मागे लागलं की तालुक्याच्या दवाखान्यांकडे बघणारा सिव्हिल सर्जन बिनघराचा होतो. कागदावर तो अजून सगळ्या ग्रामीण रुग्णालयांचा प्रमुख आहे. स्वतःची खुर्ची मात्र जुन्या क्षयरोग विभागात टाकून बसलाय.

जुनी_जीप

हिशेबींचा प्रश्न राहिला. काय केलं? जे नाही केलं ते सांगतो, ते जास्त उपयोगाचं आहे.

माता मृत्यू झाला की अन्वेषण करावं लागतं. कुठे उशीर झाला: घरून निघायला, पोचायला, की पोचल्यावर उपचार मिळायला. पद्धत उत्तम आहे, दोष देण्यासाठी नाहीच ती. माझ्या सहीने असे चार अहवाल गेले, चारही 'नातेवाईकांनी उशिरा आणले' असे. त्यातल्या एकीला आमच्याच केंद्रात पावणेदोन तास ठेवलं होतं, कारण गाडीत डिझेल नव्हतं आणि डिझेलचं बिल दोन महिने थकल्यामुळे पंपवाला देत नव्हता. मला ठाऊक होतं. ते लिहिलं असतं तर चौकशी माझ्या डॉक्टरवर लागली असती, डिझेलच्या बिलावर नाही. म्हणून वाचवलं. डॉक्टर वाचला. बिल पुढेही थकत राहिलं.

खाजगी संस्थेला केंद्र दिलं असतं तर तिनेही हेच लिहिलं असतं हो, जास्त चांगल्या टायपिंगमध्ये.

आता मागे वळून वाटतं, डीएचओला खरा अधिकार दोनच गोष्टींचा हवा. एक, थोडा पैसा विनाशीर्षक. अबंधित निधी म्हणतात, पण त्याच्याही गाठी इतक्या की सोडवता सोडवता मार्च येतो. दुसरा, 'हे काम मी या तिमाहीत करणार नाही' असं वर लिहून कळवायचा. सगळेच कार्यक्रम प्राधान्याचे असले की उपकेंद्र_तीन टाकीखाली बसते. मी एकदा पावसाळ्यात एएनएमच्या तालुक्याच्या दोन बैठका रद्द केल्या होत्या, डायरियाची साथ होती म्हणून. मला ज्ञापन, म्हणजे जाब विचारणारं पत्र, मिळालं. साथ आटोपली, ज्ञापनाचा खुलासा चालू होता.

हिशेबी

डिझेलचं वाचून गप्प बसलो. संस्थांचा मुद्दा सोडलेला नाही, पण त्यावर वेगळा धागा काढतो. एकच विचारतो: जिल्हा परिषदेचे सभासद हे प्रश्न विचारत नाहीत का? आरोग्य समिती असते ना?

फाईल_बंद

असते. पण मार्च २०२२ मध्ये अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि प्रशासक बसले. नंतर कित्येक महिने सभासदच नव्हते तर समिती कुठली? प्रश्न विचारणारे सीईओ आणि उत्तर देणारे डीएचओ, दोघंही एकाच व्हीसीत. पूर्वी सभागृहात एखादा सभासद औषधाची रिकामी खोकी आणून टेबलावर ओतायचा. तमाशा व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी ट्रक यायचा.

उपकेंद्र_तीन

तमाशा करणारा सभासद हवाच सर, फक्त त्याने दरवेळी नर्सच्या बदलीचा आग्रह धरू नये.

बांधावरचा

रुग्ण कल्याण समितीचं रजिस्टर पाह्यलं परवा. डाक्टरीनबाई नवीन आल्या आमच्या इथं, त्याइनं लगेच काढून देल्लं. साल भरात चार सभा झाल्या म्हने. चारी सभेत मी हजर! सही बी माह्यीच. शिपाई घरी येऊन 'भाऊ इथं करा' म्हने, मी करून टाको. आता कोनाले बोलू?

मंग सोमवारी खरीच सभा घेतली. सात जन आले. मी इचारलं, लस किती हाये, लाइन गेली तं फ्रिज किती घंटे थंडा राह्यते. कोनालेच मालूम नाइ. इन्व्हर्टरची बॅटरी मेली हाये दिवाळीपासून. ठराव घेतला, बॅटरी घ्याची. दुसरा ठराव, डिझेलचं बिल दर महिन्याले सभेपुढं ठेवाचं. हे तुमचं वाचून घातलं, जीपवाले साहेब. एक जन म्हने असा ठराव नेमात नाइ बसत. म्हटलं लिव त खरा, खोडन कोन ते पाहू.

एक_वर्षाचा_पाहुणा

दोन आठवडे इथे येऊ शकलो नाही. शनिवारी रात्री साडेनऊला एक बाई आल्या, कापूस वेचताना संध्याकाळी पायाला डसलं होतं, घोटा टम्म. घरच्यांनी आणताना फोटो काढला होता, घोणसच. काचेची नळी नव्हती, इंजेक्शनची रिकामी बाटली नीट धुऊन, वाळवून ठेवली होती मी, या धाग्यानंतर. वीस मिनिटांनी तिरपी केली, पाण्यासारखं. हात थरथरत होते हे कबूल करतो. जुनी_जीप सरांना व्यक्तिगत निरोप करून नंबर घेतला होता, ते स्पीकरवर होते. दहा बाटल्या लावल्या. अंगावर गांधी उठल्या, ॲड्रेनॅलिन दिलं, बसल्या. १०८ पन्नास मिनिटांनी आली. काल त्यांच्या मुलाचा फोन होता, लघवी साफ होतेय, दोन-तीन दिवसांत सोडतील.

सरांनी सांगितलेलं सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काढलंय. माझं वर्ष जानेवारीत संपतं. माझ्या जागी कोण येणार म्हणून तालुक्याला विचारलं, तर 'बघू' म्हणाले. कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलाय.